ओहोटीचा शॉट

पॅरिस, मंगळवार, २४ नोव्हेंबर २००९
सकाळचे नऊ वाजून पाच मिनिटं

प्रिय रोझेन,

वेळ लिहायची माझी खोड काही जात नाही. तू लहान असताना मी रविवारी तुमच्याकडे जेवायला आले, की तू जिन्यातूनच ओरडायचीस, "ताती लिली आली! बारा वाजून दोन मिनिटं, लिहून घ्या!" मी तुझी सख्खी मावशीही नाही आणि आत्याही नाही, तरी तू मला ताती म्हणायचीस. चोवीस वर्षांत मला तसं कोणी म्हटलेलं नाही. आता तू त्रेचाळीस वर्षांची आहेस, नांतमध्ये तुझं औषधांचं दुकान आहे आणि या पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न उघडताच टाकून देशील, अशी मला धास्ती आहे. टाकू नकोस. सोबत जो दुसरा कागद आहे, तो मात्र हे पत्र संपेपर्यंत उघडू नकोस.

दुआर्नेनेच्या कब्रस्तानात, तुझ्या वडिलांच्या दफनाच्या दिवशी, मी तुला पाहिलं. तू फाटकापाशी उभी होतीस. निळा कोट, करडा मफलर, डाव्या हातातला मोजा काढलेला. लोक हात मिळवायला रांगेत उभे राहिले तेव्हा तू निघून गेलीस. मी तुला हाक मारणार होते, पण मारली नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मला काही वाटतच नाही. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असून आपला वाटत नाही ना, तशी मी सगळीच झाले आहे. सूपमध्ये दोनदा मीठ घातलं तरी कळत नाही. शेजारीण येते, माझा हात हातात घेते, "रडून घे गं, मोकळी हो," म्हणते, आणि मी तिच्या ब्लाउजचं तिसरं बटण वेगळ्या रंगाचं आहे, एवढंच बघत बसते.

तुझे वडील गेल्यावर टीव्हीवर सगळीकडे एकच दृश्य दाखवत होते, ते तूही पाहिलं असशील किंवा बंद केलं असशील. ओहोटीच्या वेळचा तो किनारा, ओल्या वाळूतून अनवाणी चालत गेलेला माणूस, आणि मग त्याचं ते थांबून वळून बघणं. "आर्मां केर्गेल, फ्रेंच चित्रपटातला एक महान चेहरा," असं निवेदिका म्हणाली. तू ज्या दुपारसाठी वडिलांशी चोवीस वर्षं बोलली नाहीस, तीच ही दुपार. मला त्या दुपारविषयीच लिहायचं आहे. पण मला गोष्ट मधूनच सांगता येत नाही, क्रमानंच सांगावी लागते, तेव्हा थोडी सबुरी ठेव.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते एकोणीसशे चौसष्टच्या एप्रिलमध्ये. मी एकवीस वर्षांची, कंटिन्युइटीच्या कामात अगदी नवखी. मागच्या शॉटमध्ये सिगारेट कुठल्या हातात होती, कॉलर उभी होती की पडलेली, ग्लास किती भरलेला होता, हे सगळं वहीत टिपायचं आणि पुढच्या शॉटमध्ये तसंच आहे ना, ते बघायचं. तुझे वडील तेव्हा पहाटे बाजारात मांसाचे हमाल होते. अर्धा बैल खांद्यावर घेऊन पळणारा खराखुरा माणूस हवा होता, म्हणून दिग्दर्शकानं त्यांना तिथूनच उचलून आणलं होतं. त्यांना एकच प्रसंग दिला होता, टेबलाशी बसून कोंबडीची तंगडी खात एक वाक्य बोलायचं. मुरलेला नट असल्या प्रसंगात खात नाही, काटा इकडेतिकडे फिरवतो. यांनी पहिल्याच टेकमध्ये अख्खी तंगडी फस्त केली. दुसरी आणली, तीही गेली. सातव्या टेकला सामानवाला कपाळावर हात मारून म्हणाला, "आता कोंबड्या संपल्या, साहेब, याला कोणीतरी आवरा!" दिग्दर्शक ओरडला, "अरे, खायचं नसतं, खाल्ल्यासारखं करायचं असतं!" त्यावर तुझे वडील हाडूक चोखत शांतपणे म्हणाले, "समोर वाढलेलं खायचं नाही, असं आमच्याकडे कोणी शिकवलं नाही." आणि मग माझ्याकडे वळून, "बाई, ही तंगडी मी कितव्या घासाला खाली ठेवायची?" मी वही बघितली. "तिसऱ्या," म्हटलं.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या वाट्याला आला तो कायमचा. "लिलियान, मी दार कुठल्या हातानं उघडलं होतं?" "लिलियान, मी रागावून बाहेर गेलो होतो, की आत आल्यावर रागावलो?" पुढे नाव झालं, पोलीस इन्स्पेक्टरच्या त्या पहिल्या चित्रपटानंतर रस्त्यात लोक थांबवू लागले, तरी हे सुटलं नाही. एकदा घरून फोन करून विचारलं, "ओदेत विचारते आहे, लग्नात मी तिच्या डावीकडे होतो की उजवीकडे? तुम्ही होतात ना तिथे?" मागून तुझ्या आईचं हसणं ऐकू येत होतं. मी सांगितलं, डावीकडे, आणि तुमच्या टायची गाठ सैल होती. आम्ही शेवटपर्यंत एकमेकांना तुम्हीच म्हणत राहिलो. सेटवर सगळे सगळ्यांना अरे-तुरे करतात, दिव्याची तार ओढणाराही नायिकेला अगं म्हणतो. आमचं तेवढं तुम्हीवरून तूवर कधी आलं नाही, आणि का आलं नाही, हे मी स्वतःलाही विचारलं नाही.

तुझ्या आईबद्दल मला काय वाटायचं? चांगली बाई होती. शाळेत शिकवायची, चित्रपट बघायची नाही, वडिलांच्या नावाचं कौतुकही करायची नाही, आणि म्हणूनच ते संध्याकाळी धावत घरी जायचे. बाकीच्या नटांना मी स्टुडिओच्या बारमधून ओढून आणलं आहे, यांना कधी आणावं लागलं नाही. दुआर्नेनेहून तुझी आजी सार्डिन मासळीच्या कारखान्यातले मोठे पत्र्याचे डबे पाठवायची, त्यात तो लोण्याचा केक असायचा, आणि ते सेटवर तुकडे वाटत सांगायचे, "ओदेतनं पाठवलाय." पाठवायची आजी, नाव व्हायचं ओदेतचं. मला हे खटकायचं. कामातली चूक खटकावी तसंच ते खटकतंय, असं मी स्वतःला सांगायचे.

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरमध्ये आम्ही दिएपला होतो. मधली पाच-सहा वर्षं त्यांच्यासाठी वाईट गेली होती. तेच तेच इन्स्पेक्टर, पोट सुटलेलं, समीक्षक म्हणायचे आता याच्यात काही उरलं नाही. हा चित्रपट एका तरुण दिग्दर्शकानं हट्टानं त्यांना दिला होता. तुरुंगातून सुटून गावी परतलेला कोळी, त्याला घरचं कोणी ओळख दाखवत नाही, तो ओहोटीच्या वाळूतून समुद्राकडे चालत जातो आणि शेवटच्या क्षणी वळतो. मोठी ओहोटी महिन्यातून दोन-तीनच दिवस असते. जाण्याचा अर्धा भाग आदल्या दिवशी घेतला होता, वळण्याचा भाग त्या दिवशी. ओदेत महिन्याभरापासून पॅरिसच्या दवाखान्यात होती, पण डॉक्टरांनी त्या आठवड्यात धीर दिला होता, म्हणूनच ते आले होते. रोज सकाळी तिच्याशी फोनवर बोलून मगच मेकअपला बसायचे.

दुपारी किनाऱ्यावरच्या कॅफेची मालकीण ॲप्रनवरच वाळूतून धापा टाकत आली. कॅमेऱ्यासमोर कोणी जायचं नाही, हे तिला सांगून ठेवलेलं होतं, म्हणून ती माझ्याकडे आली. "हे मोस्यो केर्गेलना द्या हो बाई, घाईचं आहे, दवाखान्यातून फोन होता. मी दवाखान्यातल्यांना सांगितलंय, देते म्हणून." चिठ्ठी दिली आणि गेली. तीन ओळी होत्या. ओदेतची तब्येत एकदम बिघडली आहे. लगेच निघा. शुद्धीवर आहे, विचारते आहे.

रोझेन, मी ती वाचली. मग वर पाहिलं. ते पन्नास-साठ पावलांवर उभे होते, डोळे मिटून, डाव्या पायाची पँट दुमडलेली, उजव्या पायाची सुटलेली, अगदी कालच्यासारखी. चेहराही कालचाच होता. सकाळपासून मी तो चेहरा जुळवत आणला होता. नट असा उभा असताना त्याच्याशी कोणी बोलत नाही, खोकतसुद्धा नाही, हा आमच्याकडचा दंडक आहे. मी म्हटलं, एक टेक, दहा मिनिटं. चिठ्ठी वहीच्या क्लिपला लावली. आणि हात आपोआप चालला, मी वहीत लिहिलं: १४.१०, के. यांच्यासाठी दवाखान्याचा निरोप. त्याखाली १४.४०, पहिला टेक. मग ढग आला. थांबलो. दुसरा टेक, तिसरा. दोन बावन्नला पॅरिसची गाडी होती, मला तिची वेळ पाठ होती, आणि दोन बावन्नला मी घड्याळ बघितलं. चौथ्या टेकला ते वळले आणि जे काही त्यांच्या चेहऱ्यावर आलं, ते बघून कॅमेरामनच्या डोळ्यांत पाणी आलं. दिग्दर्शकानं माझा मुका घेतला. पाणी भरायला लागलं होतं. चार पस्तीसला मी त्यांच्याजवळ गेले, चिठ्ठी क्लिपलाच राहू दिली आणि नुसतं तोंडानं सांगितलं, "फोन आलाय, ओदेतला बरं नाही, तुम्ही निघा." त्यांनी केव्हा आला, हे विचारलं नाही. ओल्या पँटनंच पाच वीसची गाडी पकडली. बुटांची नाडी मी बांधून दिली, कारण त्यांचे हात थंडीनं आखडले होते.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आई सहा वाजेपर्यंत शुद्धीत होती आणि सात वाजून पाच मिनिटांनी गेली. ते आठला पोचले. तू एकोणीस वर्षांची, दवाखान्याच्या पॅसेजमध्ये एकटी उभी. आईच्या दफनाच्या वेळी मोंत्रईच्या कब्रस्तानात तू माझा हात धरून मला सांगितलंस, "ताती, दोन वाजता निरोप पोचवला होता, दवाखान्यात तशी नोंद आहे. मी त्यांना विचारलं, तेव्हा कुठे होतात? ते म्हणाले, काम चालू होतं. फक्त एवढंच म्हणाले! शॉट संपवून आले, ताती. आई दाराकडे बघत होती आणि हे शॉट देत होते." तुझा हात माझ्या हातात होता, आणि मी गप्प बसले. आज सांगते, उद्या सांगते, असं करत मी चोवीस वर्षं गप्प बसले. त्यात ओदेतविषयीचं माझं काही होतं का? त्यांच्यावर माझं प्रेम होतं, हे आता लिहायला काही वाटत नाही, कारण काहीच वाटत नाही. त्या दुपारचा आणि त्याचा संबंध नव्हता, असं मी आजवर मानत आले. शुद्धीवर आहे, विचारते आहे, हे वाचल्यावर माझ्या मनात काय आलं होतं, ते मात्र वहीत लिहिलेलं नाही, आणि आता मला आठवत नाही की आठवायचं नाही, हेही कळत नाही.

वहीतली नोंद खोडायची मला छाती झाली नाही. आम्ही वहीतली त्या दिवसाची पानं अहवाल म्हणून संकलकाकडे पाठवतो. चिठ्ठी मी नंतर त्या पानाला टाचली होती, ती तशीच राहिली, हे लक्षात आलं तेव्हा अहवाल गेलेला होता. जानेवारीत धीर करून मी संकलनाच्या खोलीत गेले, ते पान काढून घ्यावं म्हणून. पान नव्हतं. बाकी सगळी पानं क्रमानं होती, तेवढंच नव्हतं. सहायकाला विचारलं तर तो म्हणाला, "इथे रोज काहीतरी हरवतं, बाई, मी काय खातोय का कागद?" मला सुटल्यासारखं वाटलं. त्याच आठवड्यात तुझे वडील खालच्या मजल्यावर आवाज भरायला येत होते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मार्चमध्ये नव्या चित्रपटासाठी निर्मात्याला माझ्याजागी एक तरुण मुलगी हवी होती. यांनी सांगितलं, "लिलियान नसेल तर मी नाही." मी इतकी खुशीत होते, की त्या दिवशी नवीन टोपी घेतली.

ओहोटीच्या त्या शॉटवर त्यांना त्या वर्षीचं सगळ्यांत मोठं बक्षीस मिळालं. ते घ्यायला गेले नाहीत. वर्तमानपत्रांनी लिहिलं, केर्गेलला शिंगं फुटली. तो चित्रपट त्यांनी कधीच बघितला नाही, टीव्हीवर लागला की उठून स्वयंपाकघरात जायचे. तुझ्या वाढदिवसाला दर वर्षी नांतला फोन लावायचे, तू आवाज ऐकून ठेवून द्यायचीस, मग ते रिसिव्हर हातात धरूनच मला म्हणायचे, "आवाज छान आहे तिचा. सर्दी झालेली वाटते." पुढे टीव्हीवरची ती लांबलचक मालिका झाली, मग आठवण जाऊ लागली. शेवटच्या चित्रपटात त्यांच्या कानात छोटं यंत्र बसवलं होतं. मी बाहेर गाडीत बसून एकेक वाक्य सांगायची, ते ऐकून तसंच म्हणायचे. एकदा प्रसंग संपला, मी थांबले, तर म्हणाले, "बोलत राहा ना, लिलियान." सगळ्यांना वाटलं, ते संवादातलंच आहे.

चार वर्षं ते कलावंतांच्या वृद्धाश्रमात होते. मी दर गुरुवारी जायची. शेवटी शेवटी माझं नाव गेलं, स्वतःच्या चित्रपटांची नावं गेली. जेवताना चमचा हवेत धरून विचारायचे, "बाई, कितवा घास?" मी सांगायची, तिसरा. मग खायचे.

बारा तारखेला आश्रमातल्या बेर्नादेतनं मला त्यांचा डबा दिला. सार्डिनचा तोच पत्र्याचा डबा. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. आत ओदेतचा फोटो होता, आणि गेल्या वर्षीच्या मार्चमधलं तुझं कार्ड. तू त्यांना लिहिलं होतंस, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दोनच ओळी: "पपा, मी एकच विचारते आणि मग पुन्हा काही विचारणार नाही. निरोप तुम्हाला किती वाजता मिळाला?" बेर्नादेत म्हणाली, "अहो, तीन दिवस ते कार्ड हातात घेऊन बसले होते. शब्दकोड्याचं माझं निळं पेन मागून घेतलं, म्हणाले मुलीला उत्तर द्यायचंय." कार्डाखाली एक पाकीट होतं, त्यावर नुसतं रोझेन लिहिलेलं. पत्ता नाही, कदाचित आठवला नसेल. त्या पाकिटात हरवलेलं पान होतं, चार घड्या घातलेलं, त्याला ती चिठ्ठी अजून टाचलेली. म्हणजे पहिल्याच हिवाळ्यापासून त्यांना माहीत होतं. माझी टोपी, गुरुवार, कानातला माझा आवाज, सगळं त्यांना माहीत असताना.

तुझ्या कार्डाचं उत्तर देण्यासाठी हे पत्र आहे. निरोप माझ्याकडे दोन वाजून दहा मिनिटांनी आला आणि तुझ्या पपांना तो चार वाजून पस्तीस मिनिटांनी मिळाला. पहिल्या गाडीची त्यांना खबरही नव्हती. चोवीस वर्षं तू जो राग त्यांच्यावर धरलास तो माझा होता, तो मला दे, त्यांच्याकडून काढून घे, एवढंच मागते. आता तो दुसरा कागद उघड आणि खिडकीपाशी उजेडात धर. माझी नोंद पेन्सिलीची आहे, १४.१०. त्यातल्या चाराचं त्यांनी निळ्या पेननं सहा केलं आहे. तुला हेच पान पाठवायचं होतं त्यांना: निरोप सोळा दहाला आला, कोणाचीच चूक नाही, ना पपाची, ना ताती लिलीची. आकडा फार वाकडा आला आहे. आणि नेहमीसारखंच पुढचं-मागचं जुळवायचं राहून गेलं, सोळा दहाच्या खाली चौदा चाळीसचा टेक तसाच आहे. पंचेचाळीस वर्षं मी त्यांची प्रत्येक चूक दुरुस्त केली. ही केलेली नाही.

तुझी,
ताती लिली